महाराज पाहतील, पण घरात बोलायचं कुणी?

पत्र:

ताई नमस्कार, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली, नाव छापू नका. आमची चार एकर कोरडवाहू आहे, अडीच एकरात सोयाबीन आणि दीड एकरात पऱ्हाटी, मधात तुरीचे तास. औंदा सोयाबीन सोंगायला आलं आणि पाणी लागलं ते थांबायचं नावच नाही, शेंगा झाडावरच उगवल्या. जे हाती आलं ते ओलं म्हणून क्विंटलला 3200 नं गेलं. पऱ्हाटीची खालची बोंडं सडली. सोसायटीचं पीक कर्ज 80000 बाकी आहे. मामाजींना उन्हाळ्यात लकवा झाला, डावी बाजू गेली, त्यांचं सगळं अंथरुणावर करावं लागते, औषधच महिन्याला 2800 चं. पोरगी बारावी सायन्सला आहे, तिला बीएस्सी ॲग्री करायचं आहे, पण एक स्थळ आलं, ते हुंडा नाही मागत म्हणून घरात तेही चाललं आहे.

घरचे म्हणजे माझे मालक शेगावच्या गजानन महाराजांचे भक्त, दरवर्षी पायी जातात. काहीही विचारलं की एकच म्हणतात, महाराज पाहतील, ज्यानं चोच दिली तो चारा देईल. मी पण पोथी वाचते ताई, पण रात्री झोप येत नाही, पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडत बसते आणि ती वही गव्हाच्या कोठीमागं लपवून ठेवते. बचत गटातून 15000 उचलले ते घरी सांगितलं नाही. नणंद पुसदला असते, ती 20000 देतो म्हणाली तर हे नाही म्हणाले, म्हणे देवानं दिलं तर घेऊ पण बहिणीपुढं हात पसरणार नाही. गावातला एक जण 50000 देतो म्हणते शेकडा पाचनं, पण एक एकराची खरेदी करून मागते. माझी सोन्याची गहूपोत आहे, ती मोडू का? जाऊबाई म्हणतात घराला पितृदोष आहे, 11000 ची शांती करा.

मला एवढंच विचारायचं आहे की एवढी काळजी वाटते म्हणजे माझा महाराजांवर विश्वास कमी आहे का? घरचे तर शांत आहेत. आधी लय बोलायचे, आता जेवायला हाक मारली तरी पुन्हा मारावी लागते, संध्याकाळी वावरात जाऊन एकटेच बसतात.

उत्तर:

माझे बाई,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकीचं नंतर. नाही, तुझा विश्वास कमी नाही. जी बाई अर्ध्या रात्री उठून सासऱ्याच्या गोळ्या किती उरल्या ते पाहते आणि सकाळी आंघोळ करून पुन्हा पोथी उघडते, तिच्या विश्वासाला कमी म्हणायची माझी तरी हिंमत नाही. काळजी आणि भक्ती एकाच घरात नांदत आल्या आहेत. आपल्या संतांनी विठोबाला काय काय सुनावलंय, भांडलेत, रुसलेत, तू आमचं पाहत नाहीस असं तोंडावर म्हणालेत, आणि तरी आपण त्यांनाच संत म्हणतो. देवाला आपली काळजी सांगणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास नव्हे, ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच माणूस सांगतो.

पण मला तुझ्या पत्रात दुसरीच गोष्ट जास्त टोचली. तुझ्या घरात "महाराज पाहतील" हे वाक्य आलं की बोलणं तिथंच संपते. तू विचारायचं, त्यांनी ते म्हणायचं, तू गप. मग तू वही लपवते, गटाचं कर्ज लपवते, ते त्यांचं काय असेल ते घेऊन वावरात जाऊन बसतात, पोरगी काय ऐकते आणि काय नाही ते देवाला माहीत, आणि मामाजी अंथरुणावर पडल्या पडल्या सगळं समजत असतील, बोलत नसले तरी. एका घरात चार जण आणि चौघं वेगवेगळे भिऊन राहिलेत. महाराजांवर खरा भरवसा असेल ना, तर त्या वाक्यानंतर बोलणं सुरू व्हायला पाहिजे. महाराज पाहतील, म्हणून आता आपण न भिता वही उघडू, असं. मला तुला हेच सांगायचं आहे, पुढं जे जे लिहिते ते सगळं याच्यासाठीच आहे.

शेगावचंच बघ. तू पण गेली असशीलच. महाप्रसादाच्या पंगतीत बसलं की ताट समोर येते, कुणी जात विचारत नाही, खिशात काय आहे विचारत नाही. ते ताट महाराजांनी दिलं असं आपण मानतो, मी पण मानते, अगदी मनापासून. पण त्या ताटामागं कोठी आहे, कोठीत काय आलं काय गेलं ते लिहून ठेवणारा माणूस आहे, उद्या एकादशी आहे, परवा रविवार आहे, गर्दी किती होईल, किती गहू काढायचा, किती डाळ भिजवायची याचा अंदाज घेणारं कुणीतरी आहे, आणि आपलं घरदार कामधंदा सोडून येऊन भाजी चिरणारे, वाढणारे, खरकटं उचलणारे सेवेकरी आहेत. तिथला कोठीवाला उद्याचा गहू आज मोजतो म्हणून त्याला कुणी म्हणत नाही की बाप्पा तुझा महाराजांवर विश्वास नाही. उलट महाराजांच्या घरचं अन्न आहे म्हणून जास्त नीट मोजतात. मग तू तुझ्या चार माणसांचं मोजून राहिलीस तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? तुझ्या घरच्यांना हेच सांग, याच शब्दात सांगितलंस तरी चालेल, शेगावला जाणाऱ्या माणसाला हे कळते.

माझे वडील लवकर गेले. आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला, वेचायला जायची. संध्याकाळी दिवा लावला की ती महाराजांच्या फोटोसमोर बसायची आणि मोठ्यानं आकडे सांगायची. महाराज, दुकानदाराचे 140 झाले. ज्वारी आठ दिवसाची आहे. थोरल्याची फी शनिवारी भरायची आहे, 60 आहेत, 25 कमी पडतात. आज पाटलीणबाईनं तुरीची डाळ दिली, तुम्हीच दिली, पण त्यांची परत करायची आहे हे पण लक्षात ठेवा. अशी ती रोज बोलायची, रडून नाही, हिशोब दिल्यासारखं. आणि आम्ही लेकरं मागं बसून ऐकत होतो. त्यामुळं घरात काय आहे काय नाही हे आम्हाला नेहमी माहीत असायचं, कुणी दिवाळीला नवा कपडा मागितला नाही, आणि फी कमी पडते हे ऐकून थोरला स्वतःच गुरुजींकडं गेला आणि दोन हप्ते मागून आला. आईनं त्याला पाठवलं नव्हतं. तिनं देवाला सांगितलं आणि देवाच्या आधी पोरानं ऐकलं, किंवा देवानंच पोराला ऐकवलं, तुला जसं म्हणायचं तसं म्हण. माझ्यासाठी देवाचं देणं असंच येत आलंय, कुणाच्या तरी पायानं, कुणाच्या तरी हातातून, आणि ते येण्यासाठी आधी कुणीतरी तोंड उघडावं लागते.

आता तुझ्या घरच्यांबद्दल, आणि हे जरा थांबून वाच. तू लिहिलंस ते शांत आहेत. मला ते शांत वाटत नाहीत बाई. बोलणारा माणूस बोलायचा बंद झाला, जेवणावरून मन उडालं, एकटा वावरात बसून राहतो, हे मी आपल्या भागात फार पाहिलंय आणि तू पण पाहिलं असशील, यवतमाळ जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. कदाचित ते नुसते थकले असतील. पण कदाचित "महाराज पाहतील" म्हणणारा हा माणूस आतून तुझ्यापेक्षा जास्त भिऊन राहिला असेल आणि घरचा कर्ता म्हणून ते कुणाला सांगायची सोय त्याला नसेल. म्हणून आजच दोन कामं कर. घरात, कोठ्यात फवारणीचं औषध उरलं असेल तर ते तिथून हलव, भावकीतल्या कुणाच्या तरी कुलपात ठेवायला दे, कारण विचारलं तर लेकरं आहेत म्हणून सांग. आणि त्यांना सरळ विचार. आडून नको. अहो, तुमच्या जीवाला बरं वाटत नाही का, मरायचे बिरायचे विचार येतात का, असंच विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो, माणसाला हलकं वाटते की कुणीतरी ओळखलं. हो म्हणाले किंवा नुसते रडले तरी त्या दिवशी एकटं सोडू नको, 14416 ला फोन लाव, टेलिमानस म्हणतात त्याला, मनाच्या दुखण्यासाठी सरकारी फोनसेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, तिथं घेऊन जा. याला वेड लागणं म्हणत नाहीत, मामाजींचा बीपी पाहतात तसंच हे पण दुखणं आहे आणि औषधानं उतरते. हे करणं म्हणजे महाराजांना सोडणं नव्हे, एवढं त्यांना पटवून दे, आणि नाहीच पटलं तर त्यांच्यासोबत शेगावला पायी जाणारा जो जवळचा माणूस असेल त्याला मध्ये घाल. पुरुषांना कधी कधी पुरुषाचंच पटते.

वही कशी उघडायची ते सांगते. भांडणाच्या दिवशी नको, मागणारा दारात येऊन गेला त्या दिवशी पण नको. तुमच्या गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल, किंवा घरात आरती होत असेल, ती झाली की तिथंच बस, पोरीला पण बसव, मामाजींची खाट ऐकू येईल अशी ओढून घे. वही महाराजांच्या फोटोसमोर ठेव आणि सगळ्यात आधी तुझं स्वतःचं सांग, गटातून 15000 काढले, याच्यासाठी काढले, हप्ता एवढा आहे. ते चिडतील. चिडू दे, तू आवाज चढवू नको. तुझं लपलेलं बाहेर आलं की त्यांचं यायला वाट होते, कारण माझा अंदाज आहे त्यांचं पण काही तरी आहे, कृषी केंद्राची उधारी नाही तर आणखी कुणाचे हातउसने. ते आता कळलेलं बरं, पेरणीच्या तोंडावर कळण्यापेक्षा.

शेकडा पाचवाल्याचं मात्र अजिबात नाही. शेकडा पाच म्हणजे 50000 ला महिन्याचे 2500, वर्षाचे 30000, आणि मुद्दल तसंच उभं. तुमच्या चार एकरात चांगल्या साली खर्च जाऊन काय उरते ते तूच त्या वहीत पाहा. त्यातून तो खरेदी करून मागतो, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसात जाऊन वावर विकल्याचा कागद, आणि तोंडी म्हणणार पैसे दिले की परत फिरवून देतो. तो कागद कर्जाचा नसतो, विक्रीचा असतो, आणि अशीच आपल्याकडची किती वावरं गेलीत. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी कायदा आहे, परवाना नसलेल्याला व्याजानं पैसे देता येत नाहीत, आणि परवाना असलेल्यानंसुद्धा कास्तकाराकडून तारण कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि बिनतारणावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. महिन्याला नाही, वर्षाला. तालुक्याला सहाय्यक निबंधकाचं ऑफिस असते, परवाना कुणाकडं आहे ते तिथं कळते. कुणी आधीच अशी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो, चौकशी होऊन ती परत मिळायची तरतूद त्याच कायद्यात आहे. गाडगेबाबा आपलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यांच्या मामाचं वावर सावकारानं गिळलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मग जन्मभर कीर्तनात तेच सांगत फिरले की कर्ज काढून सण नको, कर्ज काढून देवाचं काही नको, पोटाला चिमटा घ्या पण लेकरं शिकवा. देवाचा एवढा मोठा माणूस आणि तो लोकांना पैशाचा हिशोब शिकवत होता.

यातच जाऊबाईंचं उत्तर पण आलं. 11000 ची शांती करायची नाही. त्यांच्याशी वाद घालू नको, त्या प्रेमानं म्हणत असतील, पण मामाजींना लकवा झाला तो बीपीनं किंवा रक्ताच्या गाठीनं होतो आणि सोयाबीन पावसानं गेलं, तुमच्या एकट्याचं नाही, साऱ्या शिवाराचं गेलं. पितरांची एवढीच आठवण ठेवायची असेल तर जे बाप जिवंत आहेत त्यांची दर दोन तासांनी कूस बदलून द्या, पाठीला फोड येऊ देऊ नका, त्याहून मोठी शांती मला माहीत नाही.

नणंदेचे पैसे घ्या. देवानं दिलं तर घेऊ असं ते म्हणाले ना? मग पुसदवरून बहिणीला ही बुद्धी कुणी दिली? आपल्या कास्तकाराचा मान फार असतो, मला तो कळतो, बहिणीला द्यायचं असते, तिच्याकडून घ्यायचं नसते असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण तीही त्याच बापाची लेक आहे ज्याच्या औषधाला हे पैसे लागणार आहेत. भीक म्हणून नको, लिहून घ्या, तूर निघाली की एवढे, पुढच्या दिवाळीला एवढे, आणि तिच्या नवऱ्याला माहीत असू द्या म्हणजे तिच्या घरात कटकट नको. ते तुझ्या तोंडून मान्य करणार नाहीत असं वाटलं तर नणंदेलाच बोलव, भावासमोर बसून तिनंच बोलू दे.

गहूपोत मोडू नको. अगदीच अडलं तर सरकारी बँकेत तारण ठेव, वर्षाला साधारण नऊ दहा टक्के पडते, म्हणजे 50000 वर वर्षाचे पाचेक हजार, शेकडा पाचवाल्याच्या दोन महिन्यांच्या व्याजात तुझं वर्ष निघते. आणि जेवढे लागतील तेवढेच उचल, मिळतात म्हणून नाही. आपल्या बायकांना अंगावरचं सोनं काढायला लाज वाटते, लोक काय म्हणतील, पण ते सोनं याच दिवसासाठी आपल्या आयांनी अंगावर घातलं होतं.

सोसायटीच्या कर्जाला घाबरून तोंड चुकवू नका, सचिवाला जाऊन भेटा. 2025 च्या अतिवृष्टीनंतर शासनानं जे पॅकेज जाहीर केलं त्यात सहकारी कर्जाचं पुनर्गठन आणि शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती होती, कोरडवाहूला हेक्टरी 8500 आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10000 असं तीन हेक्टरपर्यंत होतं. तुमची चार एकर म्हणजे 1.6 हेक्टर, पहिल्याचेच 13600 होतात. ते आले का? तू पत्रात लिहिलं नाहीस आणि मला शंका आहे की कुणी पाहिलंच नसेल. तलाठ्याकडं यादीत नाव आहे का ते बघा, फार्मर आयडी निघाला का, ई-केवायसी झाली का, खात्याला आधार जोडलं आहे का, बहुतेक वेळा पैसे तिथंच अडकतात. आणि महाराज पाहतील म्हणणारा माणूस तलाठ्याकडं जायला कंटाळा करत असेल तर पोरीला पाठव, मोबाईलवर ती दहा मिनिटात पाहून सांगेल. पुढं बँकेचं सगळं मार्गी लागलं की एक ध्यानात ठेव, तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर आपल्याकडं व्याज लागत नाही, पंजाबराव देशमुखांच्या नावानं ती सवलत आहे, म्हणून पीक कर्जाची पत कधी घालवायची नाही.

मामाजींच्या 2800 च्या औषधांची चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध फुकट आहे. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रावरच मिळतात. ज्या नाही मिळणार त्या जनऔषधीच्या, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या, दुकानात विचार, डॉक्टरला दाखवून तोच घटक आहे ना ते विचारून घे, मनानं एकही गोळी बंद करायची नाही, लकव्यात ते फार महागात पडते. भरती करायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेत वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आहे, योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटायचं आणि मग बाकीचं, नाही तर 155388 ला फोन करून जवळचा दवाखाना विचारायचा. मामाजी सत्तरच्या वर असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघते, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढा, 40 टक्के किंवा वर असलं की संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो, त्यात दिव्यांगांना महिन्याला 2500 केलेत. उत्पन्नाची अट कडक आहे, होईलच असं मी म्हणत नाही, पण अर्ज न करता बसू नका. हे घेणं कमीपणाचं नाही. देव देतो तेव्हा पाकिटावर आपलं नाव लिहून पाठवत नाही, कधी बहिणीच्या हातातून येते, कधी तहसीलच्या टेबलावरून.

वेचणीचं पण सांगते. तू सासऱ्यांना सोडून दिवसभर वावरात जाऊ शकत नसशील, आणि मजुरीचा भाव काय झालाय ते मला माहीत आहे. गटातल्या दोघीतिघींना धर, आळीपाळीनं एकमेकींच्या वावरात वेचून द्या, ज्या दिवशी तुझी पाळी नाही त्या दिवशी त्यांची लहान लेकरं तुझ्या ओसरीवर राहतील, तू घरी आहेसच. पूर्वी हे न सांगता व्हायचं. आता सांगावं लागते, एवढाच फरक.

मग देवाकडं काय उरते? खूप उरते बाई. पाऊस त्याच्याकडं उरतो, 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव 5328 असून बाजारात काय मिळते ते उरते, मामाजींचा डावा हात पुन्हा उठेल का ते उरते, उद्या सकाळी आपण सगळे उठू का ते पण. या गोष्टींसाठी रात्री जागून काही होत नाही, तिथं खरंच महाराज पाहतील म्हणायचं आणि झोपायचं. मला स्वतःला वाटते की वहीतलं सगळं लिहून झालं, जे करायचं ते उद्याच्या तारखेवर टाकलं की जे उरते ते देवाच्या हवाली करणं सोपं जाते. नाही तर आपण सगळंच त्याच्यावर टाकतो आणि सगळंच उराशी धरून पण बसतो. तू रात्री उठतेस ना, तर उठल्यावर मनात गोल गोल फिरण्यापेक्षा एक ओळ लिही आणि एकदा नाव घे, आणि आडवी हो. झोप नाही आली तरी पडून राहा, उद्या तुला मामाजींना उचलायचं आहे, तुझी पाठ पण जपायची आहे. तुझ्या पत्रात सगळ्यांचं होतं, तुझ्या तब्येतीचं एक अक्षर नव्हतं. रक्त तपासून घे, आशाताईला म्हण, आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन कधी वर असत नाही आणि नुसत्या त्यानं पण जीव घाबरा होतो.

राहिलं पोरीचं. अडचणीच्या साली लग्न लावू नको. हुंडा नाही मागत हे कारण नाही होत, पोरीला विचारलं का ते आधी सांग. तिला ॲग्री करायचं आहे तर तिला करू दे, अकोल्याला आपलं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याची कॉलेजं विदर्भात ठिकठिकाणी आहेत. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश शासनाच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. एससी, एसटी असाल तर तुमची शिष्यवृत्ती वेगळी आहे. म्हणजे फीची काळजी तुमच्या वहीतून जवळजवळ खोडता येते, राहण्या-जेवणाचं मांडावं लागेल. घरच्यांना सांग की शेतीतलं शिकलेली पोरगी याच चार एकराला उद्या कामी येईल. स्थळाला सरळ कळवा की पोरगी शिकते आहे, चांगलं असेल तर थांबतील.

तिला एमएचटी सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या, फॉर्मची तारीख पाहायला सांग आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा, नॉन क्रिमीलेअर लागत असेल तर तो, डोमिसाईल, हे सगळं आत्तापासून सेतूत टाकून ठेवा, जूनमध्ये तिथं रांगा लागतात आणि एका कागदासाठी राउंड हुकतो. वही उघडल्यावर घरचे काय म्हणाले ते मला लिहून कळव, आणि त्यांच्या तब्येतीचं आधी कळव.

तुझी ताई